मदत हवी आहे : तिसरीच्या वर्गात नाट्य वापरायचंय

नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. पुस्तकातला धडा वाच म्हटलं की मान खाली जाते. पण हीच मुलं बोहाड्यातली, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या उत्सवातली, सोंगं हुबेहूब करून दाखवतात! म्हणून वर्गात आठवडी बाजार मांडला. सुट्यांसाठी बिया, दशकासाठी दहा काड्यांची जुडी. गिऱ्हाईक जुडी पुढे करतं, दुकानदारीण म्हणते, "सुटं नाय, जुडी सोड." दशक सुटा करून वजाबाकी तिथे पटकन कळली. एरवी गप्प असणारी एक मुलगी पुठ्ठ्याचा मुखवटा लावल्यावर घडाघडा बोलली.

अडचण पुढची. तीच मुलगी मुखवटा काढला की पुन्हा गप्प. तिला हळूहळू मुखवट्याशिवाय बोलतं कसं करायचं? आणि सोंगातलं बोलणं वहीत लिहितं कसं करायचं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही गोष्टी आणि कलेतून शिकवण्यावर भर आहे, पण रोजच्या तासिकेत ते बसवायचं कसं, हे करून पाहिलेल्यांकडूनच कळेल. गोष्ट कोकणा बोलीतून सुरू करून मराठीत नेण्याचा अनुभव कुणाला असेल तर जरूर लिहा. नाशिकच्या हौशी रंगकर्मींपैकी कुणी एखाद्या शनिवारी शाळेत येऊ शकेल का?