शेतकरी उत्पादक कंपनीचं पाच वर्षांचं व्हिजन: '१०० कोटी' लिहायचं का?

तूरपट्टा_औसा
नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी, औसा तालुका, तिसरं वर्ष चालू. ११ गावं, ४३० सभासद, प्रत्येकी २,००० रुपयांचे शेअर आणि केंद्राच्या योजनेतून तेवढंच इक्विटी ग्रँट (भागभांडवलाला जोड म्हणून मिळणारं अनुदान). तासाला दीड क्विंटलची मिनी डाळमिल, छोटं गोदाम, खत-बियाण्याचं दुकान. गेल्या वर्षीची उलाढाल १ कोटी १० लाख.

मिशनवर एकमत आहे: सभासदाच्या तुरीला डाळीच्या दरातला वाटा मिळवून देणं. आता कर्जाच्या फाइलसाठी बँकेला पाच वर्षांचं व्हिजन हवंय. संचालक मंडळात फिरणारा मसुदा असा: "२०३१ पर्यंत महाराष्ट्रातला अव्वल डाळ ब्रँड, उलाढाल १०० कोटी." निम्म्यांना आवडलाय, निम्म्यांना हसू येतंय. असा मसुदा तपासायचा कसा? आणि बदलायचा तर त्या जागी काय लिहायचं?

---

मुनीम_गंजगोलाई
आधी आकडे मांडा, हसायचं की नाही ते मग ठरवा.

तुमच्याकडे सभासदामागे तुरीखाली किती एकर? दीड धरतो. ४३० × १.५ = ६४५ एकर. कोरडवाहू तूर, एकरी साडेतीन क्विंटलचा उतारा धरला तर साधारण २,२५० क्विंटल. म्हणजे एकाही सभासदाने अडत्याकडे पोतं नेलं नाही, घरी खायला ठेवलं नाही, तरी एवढीच.

आता १०० कोटी. घाऊक डाळ ११,५०० रुपये क्विंटल धरा. लागते ८७,००० क्विंटल डाळ. क्विंटलमागे ७० किलो डाळ पडते असं धरलं तर कच्ची तूर सव्वा लाख क्विंटल. तुमच्या सगळ्या सभासदांच्या एकूण तुरीच्या ५५ पट. मग ती येणार कुठून? बाजारातून, नाहीतर मोझांबिक-म्यानमारच्या आयातीतून. लातूर एमआयडीसीतल्या मोठ्या मिला तेच करतात आणि तुमच्यापेक्षा स्वस्तात करतात. त्यात तुमच्या सभासदाचा वाटा कुठे राहिला? मसुदा पहिल्या फटक्यात मिशनच्या विरोधात जातो. मोठा आहे म्हणून तो वाईट असं नाही, त्याची दिशा चुकली आहे.

दुसरी तपासणी मिलची. तासाला दीड, आठ तासांत १२ क्विंटल. पण तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवायचं, मग दुसरा हात द्यायचा (पुन्हा मिलमधून काढायचं), हे धरलंय का? जून ते सप्टेंबर वाळवण होत नाही. तूर पुढे ठेवली तर भुंगा लागतो. खरा काळ फेब्रुवारी ते मे, त्यात लोडशेडिंग, लग्नसराई, मजूर वगळून १०० दिवस. म्हणजे १,२०० क्विंटल. कोटेशनवर 'वर्षाला ३,६०० क्विंटल' लिहिलेलं असेल तर ते ३०० दिवस उन्हाचे धरून लिहिलंय.

तिसरी, आणि हीच लोक टाळतात: एका क्विंटलमागे उरतं किती? आजच्या तुमच्या दरांनी पुन्हा मांडा, नमुना देतो.

तूर खरेदी ७,५००. डाळ ७० किलो × ११५ = ८,०५०. चुनी-चुरी (भरडताना निघणारी टरफलं-तुकडे) २४ किलो × २५ = ६००. एकूण ८,६५०. त्यातून मजुरी-वीज-तेल ३५०, पोती-पॅकिंग १५०, गाडीभाडं २००, व्याज १५०. हातात ३०० रुपये.

मिल पूर्ण चालली तरी वर्षाला ३ लाख ६० हजार. व्यवस्थापकाचा पगार महिना २५,००० धरला तर ३ लाख तिथेच गेले. केंद्राच्या योजनेतलं व्यवस्थापन खर्चाचं अनुदान (जास्तीत जास्त १८ लाख) तीन वर्षांपुरतं असतं. तुमचं तिसरं वर्ष चालूय. तेव्हा पहिला टप्पा २०३१ नाही, पुढचं वर्ष.

आणि रुपयात व्हिजन लिहूच नका. २०२४ मध्ये तूर दहा हजारांच्या वर होती, २०२५ च्या सुरुवातीला ७,५५० च्या हमीभावाखाली आली. तेवढ्याच मालावर उलाढाल चतुर्थांशाने घटते, त्यात कंपनीने काय बिघडवलं? क्विंटल, सभासद आणि पैसे देण्याचे दिवस, हे तीन आकडे तुमच्या हातात आहेत. तेच लिहा.

---

कलम_३७८
मुनीम यांच्या हिशेबाला कायद्याची जोड देतो.

१. कंपनी कायद्याच्या कलम ३७८ बी नुसार उत्पादक कंपनीने मुख्यतः आपल्या *सक्रिय* सभासदांच्या मालाचाच व्यवहार करायचा असतो. बाहेरची तूर ५४ भाग आणि सभासदांची एक भाग, हे व्हिजन कागदावर आणणंच चूक. बँकेचा वकील वाचेल.

२. सक्रिय सभासद कोण, ते तुमची नियमावली ठरवते: किती माल आणि किती काळ. बऱ्याच कंपन्यांनी एजंटने दिलेली छापील नियमावली तशीच भरलेली असते आणि त्यात हा आकडाच नसतो. मग 'सक्रिय सभासद वाढवू' या वाक्याला अर्थ राहत नाही. आधी आकडा घाला, उदाहरणार्थ 'सलग दोन हंगामांत किमान ३ क्विंटल'. दुरुस्ती निवडून आलेल्या संचालकांपैकी दोन-तृतीयांश किंवा सभासदांपैकी एक-तृतीयांश मांडू शकतात. मंजुरी विशेष ठरावाने. मंजूर झाली की ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे प्रत द्यायची.

३. 'सह्याद्री फार्म्ससारखं' हा शब्द मसुद्यात पुढेमागे येणारच. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री या शेतकरी उत्पादक कंपनीने २०२२ मध्ये सुमारे ३१० कोटींची परदेशी गुंतवणूक घेतली, पण ती उपकंपनीत. उत्पादक कंपनीचे शेअर बाहेरच्या गुंतवणूकदाराला देता येत नाहीत. शिवाय तिथे निर्यातीची द्राक्षं आहेत, एकरी उत्पन्नाचं गणितच वेगळं. तुरीने त्या उड्या मारू नयेत.

४. डाळीच्या दरातला वाटा द्यायला कायद्यातच सोय आहे. मालाच्या किमतीचा काही भाग राखून ठेवून नंतर देता येतो, आणि वर्षाअखेरीच्या शिलकीतून ज्याने जेवढा माल घातला त्या प्रमाणात बोनस देता येतो. तुमचं मिशन हेच म्हणतं. व्हिजनमध्ये हे शब्द यायला हवेत, 'अव्वल ब्रँड' नव्हे.

---

काळी_माती
वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर, पण एक गोष्ट राहिली. माल येतच नाही, त्याचं काय? अडत्या संध्याकाळी रोख देतो, पोरीच्या लग्नाला उचल देतो. हमाली, तोलाई, कडता कापतो हे खरं, पण पैसे हातात पडतात. तुम्ही पंधरा दिवसांनी देणार असाल तर सभासद पहिलं पोतं तुम्हाला आणि उरलेली नऊ त्याला घालणार.

शेअर भांडवल ८.६ लाख, ग्रँट ८.६ लाख, एकूण १७.२ लाख. ते सगळं खरेदीला वापरलं तरी ७,५०० ने २३० क्विंटल. म्हणजे खेळतं भांडवल हीच तुमची पहिली अडचण, मिल नाही. यावर दोन वाटा:

बाजार समितीत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना चालू असेल तर सभासद स्वतःच्या नावावर तूर ठेवून किमतीच्या ७५ टक्के कर्ज उचलतो. १८० दिवस, ६ टक्के व्याज. त्याची नड भागते, तुमच्यावर रोखीचा ताण नाही. किंवा नोंदणीकृत गोदामात माल ठेवून इलेक्ट्रॉनिक पावतीवर कंपनीने कर्ज घ्यायचं. माल जसा विकला जाईल तशी पावती सोडवायची. व्याज क्विंटलमागे धरलेल्या १५० च्या वर जायला लागलं की थांबा, तो माल कमी भावाने का होईना पण विका.

ब्रँडबद्दल: २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर नाही. म्हणजे पाकीट करून शेजारच्या किराणा दुकानात ठेवलं की तुमची डाळ आधीच किलोमागे पाच-सहा रुपये महाग. पाकिटं पहिल्या दोन वर्षांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त मालाची करू नयेत असं माझं मत. बाकी ३० किलोच्या कट्ट्यात खानावळी, वसतिगृहं, लग्नाचे आचारी.

---

तूरपट्टा_औसा
धन्यवाद. एकरांचा आकडा आमचा १.६ निघाला, म्हणजे मुनीम साहेबांचा अंदाज जवळपास बरोबर. आज चर्चा होऊन नवा मसुदा झाला:

"२०३०-३१ पर्यंत आमच्या ११ गावांतले किमान ३०० सभासद दर हंगामात आपली निम्मी तूर कंपनीला घालतील. मालाचे पैसे ७ दिवसांत मिळतील. अनुदान न घेता कंपनी आपला खर्च भागवेल आणि उरलेल्यातून मालाच्या प्रमाणात बोनस देईल."

हे फार छोटं वाटतंय असं दोन संचालकांचं म्हणणं.

---

मुनीम_गंजगोलाई
छोटं नाही. तपासून बघा. दीड एकराच्याच हिशेबाने ३०० × १.५ × ३.५ = १,५७५, निम्मी म्हणजे ७८८ क्विंटल. मिलच्या १,२०० मध्ये आरामात बसते. पण ७८८ × ३०० = २ लाख ३६ हजार. पगारसुद्धा निघत नाही! म्हणजे एकट्या तुरीवर तुमचं तिसरं वाक्य खोटं ठरतं.

त्याच ३०० जणांचं सोयाबीन प्रत्येकी तीन एकर, एकरी सहाचा उतारा, त्यातला तिसरा हिस्सा आला तर १,८०० क्विंटल. साफसफाई करून, मॉइश्चर (ओलावा) १२ टक्क्यांच्या आत आणून विकलं की क्विंटलमागे ६० रुपये उरतील असं धरा: १ लाख ८ हजार. खत-बियाण्याच्या दुकानात ४० लाखांवर ३ टक्के: १ लाख २० हजार. सगळं मिळून ४ लाख ६४ हजार. पगार ३ लाख, ऑडिट-रजिस्ट्रार-वीजबिल-विमा १ लाख २० हजार. उरले ४४ हजार. तुरीवर वाटले तर क्विंटलला ५५ रुपये बोनस. एवढा छोटा आकडा पाचव्या वर्षाचा आहे, आणि तोही सगळं सुरळीत गेलं तर. तुमच्या संचालकांना हा कागद दाखवा.

सोयाबीनचं वाक्य मसुद्यात घाला.

---

काळी_माती
सोयाबीन विकण्याऐवजी सोयाबीनचं बियाणं करा, त्यात ६० पेक्षा बरंच जास्त सुटतं. मात्र काढणीला पाऊस लागला की उगवण ७० टक्क्यांच्या खाली जाते आणि अख्खा लॉट बियाण्यातून बाद होऊन मिलला जातो. म्हणून व्हिजनमध्ये नको, दुसऱ्या वर्षी दहा-पंधरा एकरांवर करून बघा.

आणि तुरीत वाण एक ठेवा. बीडीएन-७११ पांढरी, बीडीएन-७१६ लाल. दोन्ही एका लॉटमध्ये गेल्या की दाणा सारखा नसतो, मिलची सेटिंग एकाला जुळते आणि दुसऱ्याचा चुरा होतो. क्विंटलमागे ७० किलो डाळीची ६६ झाली तर चार किलो × ११५ = ४६० रुपये. चुरी विकून थोडे परत येतील, पण तुमचे ३०० गेलेच. गावागावाला वाण वाटून द्या.

---

कलम_३७८
शेवटचं, पद्धतीचं. मसुदा मंडळाने लिहून सभेत वाचून दाखवला तर टाळ्या पडतात आणि माल येत नाही. आधी ११ गावांत १५-२० जणांच्या बैठका घ्या आणि प्रत्येकाकडून चारच गोष्टी वहीत उतरवून घ्या: गेल्या हंगामात तूर किती झाली, कोणाला घातली, पैसे किती दिवसांनी मिळाले, कटौती किती झाली. '७ दिवस' हा आकडा त्या वहीतून यायला हवा. बहुतेकांना तीन दिवसांत मिळत असतील तर ७ लिहून उपयोग नाही.

मग वार्षिक सभेत ठराव. खाली वर्षवार तक्ता जोडा: सक्रिय सभासद, तुरीचे क्विंटल, पैसे देण्याचे सरासरी दिवस, अनुदानाशिवायची शिल्लक. पहिल्या वर्षाच्या रकान्यात आजचे खरे आकडे भरा, ११० सक्रिय असतील तर ११०. दर एप्रिलला मंडळाच्या बैठकीत तोच तक्ता उघडायचा. सलग दोन वर्षं सक्रिय सभासद वाढले नाहीत तर मशिनरीचं नवं कर्ज घ्यायचं नाही, ही अट त्याच ठरावात लिहून ठेवा. निवडणुकीनंतर मंडळ बदललं की पहिला विषय मोठ्या मिलचाच येतो.