मदत हवी आहे: विहिरीत तांब्याची हिरवी पुटे, पण वरच्या खडकात तांबे का सापडत नाही?

नमस्कार. आमचे शेत चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा तालुक्यात आहे आणि तांब्याच्या खनिजासाठी ओळखले जाणारे ठाणेवासना येथून लांब नाही. यंदा उन्हाळ्यात विहीर खोल करताना सुमारे 30 फुटांवर दगडाच्या भेगांत मोरपंखी हिरवे पूट दिसले. मी विज्ञान शिकवते, म्हणून त्याचा चुरा करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले. बुडबुडे आले, आणि त्याच द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा ठेवल्यावर त्यावर तांबूस थर चढला. त्यावरून ते मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचे हिरवे कार्बोनेट खनिज, असावे असे वाटते. मात्र त्याच्याच वर, बांधाजवळ उघडा पडलेला तपकिरी, चौकोनी खळग्यांचा खडक या परीक्षेत काहीच दाखवत नाही.

काटोलला मामांच्या संत्राबागेत बोर्डो मिश्रण (फवारणीचे बुरशीनाशक) करताना मोरचुदात (कॉपर सल्फेटमध्ये) चुना कमी पडला की खिळा तांबूस होतो आणि चुना पुरेसा झाला की होत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. खडकातही असेच घडते का? म्हणजे पायराइटपासून (लोह आणि गंधकाच्या खनिजापासून) झालेल्या आम्लात तांबे विरघळून खाली जाते आणि चुनखडीचे पाणी भेटले की तिथेच बसते का? शिवाय हे पाणी प्यावे का, हीही काळजी आहे.

प्रतिसाद:

ताई, तुलना अगदी योग्य आहे. ते चौकोनी खळगे बहुधा विरून गेलेल्या पायराइटच्या स्फटिकांचे असावेत. खनिजसाठ्याच्या अशा झिजलेल्या, लोहयुक्त शिरोभागाला गॉसन म्हणतात. एक दुरुस्ती मात्र करावीशी वाटते. तो खडक तांब्याने पूर्ण रिकामा असेलच असे नाही, कारण उष्ण प्रदेशातील दीर्घ झिजेत आम्ल धुऊन गेल्यावर उरलेले तांबे गोएथाइट (लोहाचे तपकिरी खनिज), मँगनीजची काळी ऑक्साइडे आणि चिकणमाती यांना चिकटून राहते. ते हिरवे दिसत नाही आणि थंड सौम्य आम्लाला सहज दादही देत नाही. त्याचे रासायनिक विश्लेषणच करून घ्यावे.

भूजलपातळीच्या खाली, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे उतरलेले तांबे शिल्लक सल्फाइडांवर (गंधकयुक्त खनिजांवर) बसून चाल्कोसाइट हे तांबे आणि गंधकाचे खनिज तयार होते. मूळ चाल्कोपायराइटमध्ये (तांबे, लोह आणि गंधकाच्या खनिजात) तांबे सुमारे 34.6 टक्के असते, तर चाल्कोसाइटमध्ये 79.8 टक्के, म्हणून खाणवाल्यांचे लक्ष या पट्ट्यावर असते. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंडला ही थरांची उतरंड पाहायला मिळते. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरी भरतात आणि उन्हाळ्यात तळ गाठतात, त्यामुळे वरचा खडक आणि कायम पाण्याखालचा थर यांच्या मधला पट्टा दरवर्षी आलटून पालटून ओला आणि कोरडा होत राहतो. तुमची हिरवी पुटे या मधल्या पट्ट्यातील दिसतात.

पाण्याबाबत, आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.05 मिलिग्रॅमपर्यंत तांबे स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. एक नमुना आत्ता आणि एक पहिल्या मोठ्या पावसानंतर द्या, कारण उन्हाळ्यात भेगांत साचलेले क्षार त्याच पाण्याबरोबर विहिरीत उतरतात. दोन्ही अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी दुसरे पाणी वापरावे.