साखळ्या कापल्यावर ग्लुकोअमायलेज कच्च्या स्टार्चवर मंद का पडतं?

प्रश्न
अ‍ॅस्परजिलस नायजर बुरशीचं ग्लुकोअमायलेज (स्टार्चपासून ग्लुकोज सोडवणारं एन्झाइम) एंडो-एच या साखळ्या कापणाऱ्या एन्झाइमसोबत रात्रभर ठेवून त्याच्या एन-साखळ्या (नायट्रोजनमार्गे प्रथिनाला जोडलेल्या साखरेच्या साखळ्या) कापल्या. विद्राव्य स्टार्चवर (10 मिनिटं) वेग तोच. मक्याच्या कच्च्या स्टार्चवर (55 अंश, 16 तास) ग्लुकोज बरंच कमी. साखळ्या गेल्यामुळे एन्झाइम स्टार्चच्या कणाला चिकटत नसेल का?

उत्तर 1
चिकटण्यावर इतक्यात बोट ठेवू नका. एन-साखळ्या 171 आणि 395 या अ‍ॅस्परॅजिनांवर (प्रथिनातल्या त्या क्रमांकांच्या अमिनो आम्लांवर), म्हणजे दोन्ही उत्प्रेरक (स्टार्च तोडणाऱ्या) भागावर असतात. स्टार्चला धरणारा भाग शेपटाकडे, 509 ते 616. या दोन भागांना जोडणाऱ्या मधल्या दुव्यावर मॅनोज साखरेच्या आखूड ओ-साखळ्या (ऑक्सिजनमार्गे जोडलेल्या) दाट असतात. त्या दुवा ताठ ठेवतात आणि प्रोटिएजला (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमला) अडवतात. एंडो-एच त्यांना हातच लावत नाही.

तुमच्या दोन चाचण्यांत वेळेचाच एवढा फरक आहे. स्टार्च न घालता एन्झाइम त्याच बफरमध्ये 55 अंशांवर ठेवा; 0, 2, 4, 8, 16 तासांना थोडं काढून विद्राव्य स्टार्चवर मोजा. आकडा उतरत गेला तर एन्झाइम उष्णतेनं मरतंय. जोडीला एंडो-एच न घातलेला, पण तितकाच वेळ तसाच ठेवलेला नमुना हवाच. फ्रीजमधला ताजा नमुना तुलनेला चालणार नाही.

उत्तर 2
आकडा टिकला तरी जेल चालवा (त्यात प्रथिनं आकारानुसार वेगळ्या पट्ट्यांत दिसतात). बाजारी एन्झाइममध्ये बुरशीचं आम्ल प्रोटिएज बरेचदा असतं. त्यानं दुवा कापला की शेपूट गळतं. उरलेला तुकडा विद्राव्य स्टार्च झकास पचवतो, कच्च्यावर लंगडतो. अगदी तुमचंच लक्षण! पेप्स्टॅटिन (असं प्रोटिएज रोखणारं रसायन) घालून पुन्हा करून बघा. 29 किलोडाल्टनजवळची पट्टी एंडो-एचची, तिला तुकडा समजू नका.

चिकटणं थेट मोजायचं तर स्टार्च थंड बफरनं तीनदा धुवा, मिलीलीटरला 40 मिलिग्रॅम घ्या, 4 अंशांवर अर्धा तास हलवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या पाण्यातली क्रिया मोजा. दुसऱ्या नळीत 1 मिलिमोलर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घाला; ही कड्यासारखी साखर स्टार्च धरणाऱ्या भागाची जागा अडवते. त्यात एन्झाइम वरच राहिलं तर पहिल्या नळीतलं चिकटणं खरं.

उत्तर 3
ट्रिस बफर टाळा, तो ग्लुकोअमायलेजला रोखतो. अ‍ॅसिटेट, पीएच 4.5 घ्या. प्रथिन ब्रॅडफोर्डनं (रंग चिकटवून प्रथिन मोजायच्या पद्धतीनं) मोजलं असेल तर साखळ्या असलेला नमुना कमी दिसतो आणि तुलना तिथेच बिघडते. 280 नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजा, एंडो-एचचा वाटा वजा करून.

प्रश्नकर्ता
ब्रॅडफोर्डच वापरलं होतं. आधी 280 वर मोजतो, मग तासवार चाचणी.