जॉनी हॉर्टन सुरुवातीपासून लढायांचीच गाणी म्हणायचा का?

टेक्सासकर: शेजारच्या आजोबांनी काल जुनी तबकडी लावली, अमेरिकन कंट्री (तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या) गाण्यांचा गायक जॉनी हॉर्टनचं 'द बॅटल ऑफ न्यू ऑर्लिन्स'. तो ढोलाचा ठेका अजून डोक्यातून जात नाही. हा गडी पहिल्यापासून असलीच गाणी म्हणायचा का? आणि 1960 नंतर त्याचं नवीन काहीच कसं सापडत नाही?

फिडलप्रेमी: 5 नोव्हेंबर 1960 च्या पहाटे तो गेला हो. ऑस्टिनच्या स्कायलाइन क्लबमध्ये गाऊन श्रीव्हपोर्टला घरी निघाला होता, वाटेत मिलानो गावाजवळ समोरून आलेल्या गाडीने धडक दिली. वय अवघं 35. मला अजून हळहळ वाटते.

लढायांची गाणी फार उशिरा आली. 1956 साली नाव झालं ते 'हॉन्की टॉंक मॅन'मुळे, म्हणजे दारूच्या अड्ड्यांत रमणाऱ्या माणसाच्या गाण्यामुळे. त्याला मासे धरायचं जबर वेड होतं, लोक त्याला 'गाणारा मासेमार' म्हणत.

आणि तुम्ही ऐकलेलं गाणं मुळात एका मास्तरांचं! अर्कान्सॉचे जिमी ड्रिफ्टवूड शाळेत शिकवायचे. मुलांना इतिहास गोडीने कळावा म्हणून त्यांनी 'एट्थ ऑफ जानेवारी' या फिडलच्या (व्हायोलिनच्या) जुन्या धुनेवर शब्द बसवले. धुनेचं नाव न्यू ऑर्लिन्सच्या अमेरिका-ब्रिटन लढाईच्या तारखेवरून, 8 जानेवारी 1815. दोन्ही देशांच्या तहावर सह्या त्याआधी 24 डिसेंबरलाच झाल्या होत्या, पण बातमी जहाजाने यायची, ती पोचण्याआधीच माणसं मेली. हॉर्टनने गाणं आखूड केलं आणि 1959 मध्ये ते बिलबोर्ड मासिकाच्या हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहा आठवडे पहिलं राहिलं.

टेक्सासकर: मास्तरांचं वाचून गलबललो. आमचे चौथीचे गुरुजी अफजलखानाचा वध डफावर पोवाडा म्हणून शिकवायचे. 1659 हे साल त्यांच्यामुळेच पाठ आहे. हॉर्टनचं आणखी काय ऐकू?

जुनी_तबकडी: 'सिंक द बिस्मार्क' ऐकाच. 1941 मध्ये बुडवलेल्या जर्मन युद्धनौकेवरचं आहे, त्याने आणि त्याचा मॅनेजर टिलमन फ्रँक्सने मिळून लिहिलेलं. मग 'नॉर्थ टू अलास्का', जॉन वेनच्या चित्रपटातलं. ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं तेव्हा हॉर्टन हयात नव्हता. आजोबांकडे ती तबकडी असेल तर त्यांच्याबरोबर बसूनच ऐका.