मदत हवी आहे : मॉडेल रेल्वेच्या देखाव्यात काळी माती तडकते

मंडळी, लातूरला बसून जुन्या बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेचा एक तुकडा १:८७ प्रमाणात करतोय. मूळ गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फुटी (७६२ मिमी), म्हणून एन स्केलचा (मॉडेलचं याहून छोटं माप) ९ मिमी ट्रॅक घेतला. हिशेबाला किंचित रुंद पडतो, पण डोळ्याला कळत नाही. गाडी, वायरिंग ठीक आहे. अडलंय ते रुळांलगतच्या शेतांवर.

रंगवलेला भुसा मला खोटाच वाटतो, म्हणून रानातली काळी माती आणली. वाळवली, चहाच्या गाळणीनं चाळली, लोहचुंबक फिरवून लोहकण काढले (ते इंजिनाच्या मोटरला चिकटले की संपलंच). वरून पांढरा गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं, भांड्याच्या साबणाचा थेंब. ओली असताना अगदी खरी दिसते. वाळली की भेगा पडून पापुद्रे सुटतात. थर पातळ करून पाहिला, तरी तेच. गोंद वाढवला तर चकाकी येते.

प्लायवर थर्माकोल आहे, त्यामुळे थिनरवाले स्प्रे चालणार नाहीत. खोली पत्र्याची, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार.

मातीत बारीक वाळू मिसळावी का, आणि किती? की ॲक्रिलिक रंगाच्या ओल्या हातावर नुसती कोरडी पूड भुरभुरली तर टिकेल?