कमानपाट्यापासून घरी मोठा कोयता: पाणी द्यावं की नको?

नवा_हात
झावळ्या तोडायला आणि करवंदीच्या जाळ्या साफ करायला दणकट कोयता घरीच करायचा आहे. पातं १२ इंच, मूठ ५ इंच. जवळ चार इंची ग्राइंडर, ड्रिल मशीन, व्हाइस आणि दोन कानशी आहेत. भट्टी नाही. भंगारात ट्रकचा कमानपाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) मिळालाय, ७० मिमी रुंद, १० मिमी जाड. तीन शंका आहेत. एवढी जाडी चालेल का? पाट्याला आधीच जी वाक आहे तीच कोयत्याची वाक म्हणून वापरता येईल का? आणि पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून कडक करायचं, तर पाण्यात बुडवायचं की तेलात?

ऐरण
जाडीचा हिशेब आधी करा. पोलाद घन सेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम. ३० सेमी लांब, ५ सेमी रुंद, १० मिमी जाड पातं म्हणजे जवळपास १२०० ग्रॅम, वर मुठीतला भाग २५० ग्रॅम. दहा मिनिटांत मनगट बोलायला लागेल. ६ मिमीचा पाटा घ्या, पिकअप-जीपच्या गाड्यांचा मिळतो. धारेकडचा उतार घासून झाल्यावर सगळा मिळून ७०० ग्रॅमच्या आसपास बसतो. ऊसतोडीचा कोयता याहूनही हलका आणि पातळ असतो, पण तो लाकडावर मारायचा नाही.

वाकीचं म्हणाल तर नाही चालणार. पाटा टेबलावर आडवा ठेवा, मधोमध खाली फट दिसेल. ती वाक जाडीच्या दिशेची आहे, कोयत्याला हवी रुंदीच्या दिशेची. तशीच ठेवली तर पातं केळ्यासारखं बाजूला वळलेलं निघेल आणि घाव तिरका जाईल. कोयत्याचा आकार पुठ्ठ्यावर काढून ७० मिमी रुंदीत बसवा आणि १ मिमीच्या चकतीने कापा. ४५ सेमीच्या तुकड्याखाली फट २ मिमी असेल तर सोडून द्या, ५ च्या वर असेल तर दुसरा पाटा बघा. गार पाट्यावर घण मारून सरळ करायला जाऊ नका. तो उसळून परत येणार, जन्मभर त्याने तेच केलंय. मधल्या बोल्टाचं भोक पात्यात येऊ देऊ नका.

कापायच्या आधी चिरा तपासा. गंज घासून रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. बारीक चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत उतरून काळी रेघ उमटते. असा तुकडा सरळ भंगारात.

पाण्याच्या भानगडीत पहिल्या कोयत्याला पडूच नका. कारखान्यात कमानपाटा कडक करून मग साधारण ४५०-५०० अंशांना उतरवलेला, म्हणजे परत तापवून ठिसूळपणा घालवलेला, असतो. कोयत्याला तेवढं पुरतं. धार जरा लवकर बोथट होईल, पण तुकडा उडणार नाही.

तेलघाणा
ऐरण यांचं निम्मं पटलं. नारळ-केळीला पुरेल, पण वाळक्या बाभळीवर ती धार मुडपते. ज्याला पुढे जायचंय त्याच्यासाठी लिहितो.

पाण्यात बुडवायचं नाही, तेलातच. हे पोलाद सहसा सिलिकॉन-मँगनीजचं असतं, कार्बन ०.५५ ते ०.६ टक्के. पाण्यात पातळ धार एकदम आकसते, जाड पाठ मागे राहते, आणि बादलीतून ‘टिण्’ असा आवाज येतो. तो आला की पातं गेलं. शेंगदाण्याचं पाच-सहा लिटर तेल लोखंडी डब्यात ५०-६० अंशांना कोमट करा. प्लास्टिकची बादली नको. झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलं तर झाकायचं, पाणी ओतायचं नाही.

बुडवण्याआधी धार १.५ मिमी जाड राखा, कागदासारखी केली तर लाटा येतात. कोळशावर सावलीत तापवा, म्हणजे रंग नीट दिसतो. लोहचुंबक चिकटायचं थांबलं (सुमारे ७७० अंश) की अजून एक छटा वर न्या आणि धार खाली करून बुडवा. हलवायचं तर पुढे-मागे. बाजूला हलवलं की पातं वाकतं. कानस घसरली तर कडक झालं.

आता फसतात ते पुढच्या पायरीला. असं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, तासाभरात उतरवायला हवं, आणि १७ इंचांचा कोयता घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही. म्हणून एक जाड लोखंडी पट्टी लाल करा, पातं वाळूकागदाने चकचकीत करा आणि पाठ त्या पट्टीवर टेका. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग पाठीकडून धारेकडे सरकतात. धारेवर तपकिरी-जांभळा पोचला की लगेच पाण्यात. पाठ निळी राहते, तशीच हवी.

नवा_हात
पहिला कोयता बिनपाण्याचा करतो. पण घासताना धार निळी पडली तर पाणी गेलं म्हणतात, खरं का?

तेलघाणा
मी वर सांगितलं तसं उतरवलेल्या पात्याचं गेलं. मूळ पाट्याचं नाही. जो ४५० अंशांना उतरलाय त्याला ३०० चा निळा रंग काय करणार! पण पातळ टोक क्षणभर लाल झालं तर तिथे मऊ किंवा ठिसूळ डाग पडतो. पाच-सहा सेकंद घासा, बादलीत बुडवा. फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची वाळूकागदी चकती) आधी ४०, मग ८०, शेवटी १२० नंबर. दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन ३०-३५ अंश ठेवा. मुठीची भोकं पाडताना साधं बिट जळेल. कार्बाइडचं घ्या, वेग कमी, तेल सोडत राहा. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, गुंडाळले जातात. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही.

सुतारपक्षी
मुठीला बाभूळ किंवा शिसव, वर्षभर वाळलेली. ओलं लाकूड आकसतं आणि पोलादाची कड तळहातात रुतते. दोन फळ्या, ६ मिमीच्या पितळी सळीचे तीन रिव्हेट. सळी दोन्हीकडे २ मिमी बाहेर ठेवून हलक्या हातोडीने गोल गोल ठोका. जोरात मारलं की बाभूळ उभी चिरते. मुठीच्या शेवटाला खाली आकडा ठेवा, नाहीतर घामेजल्या हातातून कोयता सुटतो. सागवान वापरलंत तर चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसा, त्याच्या अंगच्या तेलामुळे इपॉक्सी धरत नाही. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. तेलाचे बोळे चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

ऐरण
एक राहिलं. शेती-घरकामाची अवजारं शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहेत, पण हल्ली कोयता म्हटलं की पोलिसांचे कान टवकारतात. गावाबाहेर न्यायचा तर गोणपाटात गुंडाळून, आणि दोन्हीकडून धार लावू नका.