मदत हवी आहे: नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी गेम अडखळतोय

मंडळी नमस्कार. मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. आठ महिने पैसे साठवून आरटीएक्स ४०६० घेतलं. बाकी मशीन जुनंच: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, १०८०पी मॉनिटर.

मोकळ्या रानात गेम मस्त पळतो. पण शहरातल्या बाजारात शिरलं की सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ९० वरून थेट ४८ वर येतात आणि वळताना चित्र क्षणभर थबकतं. तेव्हा कार्डाचा वापर जेमतेम ५५ टक्के. प्रोसेसरचा एकूण आकडाही ५० च्या आसपास, म्हणून आधी त्याच्यावर संशयच आला नाही. मग प्रोसेसरचा एकेक थ्रेड (एका वेळी एक काम चालवणारी त्याची वाट) उघडून बघितला, तर १२ पैकी दोन सतत ९५ च्या वर! रिझोल्युशन वाढवा नाहीतर कमी करा, फ्रेम तेवढ्याच. गर्दीचं सेटिंग उतरवलं की मात्र लगेच ६०.

रॅम २१३३ च्या वेगावर चालत होती. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या ठरलेल्या जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केल्यावर थोडा फरक पडला. तापमान ठीक आहे.

दुकानदार म्हणतात, पॉवर सप्लाय बदला. मला ते पटत नाही, पण हजारो रुपयांचा प्रश्न आहे. बायोस अपडेट करून याच बोर्डवर नवा प्रोसेसर रायझन ५ ५६०० बसवला तर हे थबकणं जाईल का? कार्ड ८ लेनचं (बोर्डाशी डेटाच्या आठच वाटांनी जोडलेलं) आणि बोर्ड पीसीआयई ३.० चा (म्हणजे कार्डाच्या जोडणीची जुनी, कमी वेगाची पिढी), त्याचा यात कितपत वाटा असेल? कुणी हाच बदल केला असेल तर आधीचे-नंतरचे आकडे नक्की सांगा.